फेरी पकडायची की गाडी मागे वळवायची?

या वेळचं पत्र मेक्सिकोतून आलंय, बरंच लांब आहे म्हणून गाभा तेवढा देते. लिहिणारी 51 वर्षांची, नवरा 54 चा, बावीस वर्षं अमेरिकेत आणि आता तिथलेच नागरिक, मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली, हातात आलेल्या पैशातून त्याने सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली आणि 2 जानेवारीला दोघं निघाले. तिहुआनाची बॉर्डर ओलांडून बाहा कॅलिफोर्नियाच्या लांबलचक पट्टीवरून खाली खाली येत सहा आठवड्यांत ला पाझला पोचले. निघताना "बघू जमेल तितकं" एवढंच ठरलेलं. आता ला पाझच्या कॅम्पमध्ये शेजारच्या व्हॅनवाल्याशी गप्पा झाल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात बसलंय की इथून गाडीसकट फेरीने समुद्र ओलांडून माझातलानला जायचं आणि मग पॅसिफिकच्या कडेकडेने पार वाहाका राज्यातल्या पुएर्तो एस्कोन्दिदोपर्यंत. तिला परत फिरायचंय. "तो म्हणतो तू घाबरट आहेस, अर्ध्यावर सोडायची तुला सवयच आहे. मी नाही म्हटलं तर जन्मभर ऐकावं लागेल की माझ्यामुळे त्याचं स्वप्न मोडलं. हो म्हटलं तर पुढचे अडीच महिने कसे काढायचे माहीत नाही. आम्ही रोज भांडतोय, तेही कुजबुजत, कारण शेजाऱ्यांना ऐकू जातं. ताई, त्याला परत फिरायला कसं तयार करू?"

अगं, तुला सरळ तू म्हणतेय, रागावू नकोस, साठी ओलांडली की ही सूट आपोआप मिळते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नकाशा उघडून, कुठून कुठे आलात ते बघत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण काहीतरी खटकलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. मग सापडलं. पत्रभर "तो" आणि "मी" आहे. तो गाडी चालवतो, मी मोबाईलवर रस्ता सांगते. जागा त्याने ठरवली, पोळ्या मी केल्या. तो बाहेर खुर्ची टाकून गप्पा मारत बसला, मी आत पाणी जपून जपून भांडी विसळली. चार पानं असंच. आणि मध्येच सान इग्नासिओच्या खाडीचा एक परिच्छेद, तिथे तू लिहिलंयस, "देवमाशाचं पिल्लू होडीला इतकं चिकटलं की त्याच्या श्वासाचे तुषार आमच्या तोंडावर उडाले, आम्ही दोघंही रडलो, का ते कळलं नाही." बस. त्या एका ठिकाणी "आम्ही" आहे, आणि एकदा भांडणाच्या वाक्यात.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतेय. तू मला विचारतेस त्याला मागे कसं वळवू, आणि तिकडे तोही कुणा मित्राला विचारत असेल की हिला पुढे कशी नेऊ. दोघांनी धरूनच चाललंय की भांडण रस्त्याचं आहे. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून दे: तुला मेक्सिकोचा कंटाळा आलेला नाही, तुला त्या ड्रायव्हरशेजारच्या उजव्या सीटचा कंटाळा आलाय.

हिशोब कर ना. तिहुआना ते ला पाझ जवळजवळ दीड हजार किलोमीटर, सगळे उजव्या सीटवर बसून, मांडीवर मोबाईल, नेटवर्क गायब, तो विचारतोय आता डावीकडे का, तू म्हणतेस थांब लोड होतंय, तेवढ्यात वळण मागे गेलेलं, आणि मग पुढचे चाळीस किलोमीटर कुणी काही बोलत नाही. तो टोपचा किस्सा (टोप म्हणजे तिकडचा स्पीडब्रेकर, आपल्यासारखाच, न रंगवलेला आणि नको तिथे) तू तीन ओळींत उरकलायस, की गाडी आदळली, वरच्या कपाटातून कुकर घरंगळत खाली आला आणि तो म्हणाला "तू सांगितलं का नाहीस?" मला तर वाटतं तुझं पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं. स्टेअरिंग त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या पायाखाली, आणि चूक तुझी. असे बेचाळीस दिवस, आणि या बेचाळीस दिवसांत तू एकटी कधी होतीस तर, तुझेच शब्द, "फक्त शॉवरमध्ये, तेही नाणं टाकल्यावर गरम पाणी येतं तेवढा वेळ."

मी हे पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच रस्त्याने खाली गेलो होतो, भाड्याच्या व्हॅनने, फक्त तीन आठवडे. मुलेहेच्या आसपास आमच्या ह्यांची कंबर धरली आणि नाइलाजाने गाडी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी बाहिया कॉन्सेप्शनच्या एका बीचवर मी ती वाळूत अशी रुतवली की मागची चाकं अर्धी दिसेनात. दोन मच्छीमार आणि एक पिकल्या मिशांचा कॅनडावाला धावत आले, चाकांतली हवा निम्म्याने सोडली, समोरून दोर लावला, मागून ढकललं, वीस मिनिटांत गाडी बाहेर. ह्यांनी एक शब्द काढला नाही, कंबर दुखत होती म्हणूनही असेल. पण गंमत पुढची आहे. दुसऱ्या दिवसापासून हे उजव्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबायला लागले, "ट्रक येतोय, ट्रक येतोय" करायला लागले, आणि संध्याकाळी आपणहून म्हणाले की या सीटवर बसणं फार दमवतं गं. पंचवीस वर्षं मी तेच सांगत होते.

तू लिहिलंयस की इन्शुरन्स त्याच्या नावावर आहे म्हणून तू चालवत नाहीस. पॉलिसी काढून वाच बघू. मेक्सिकोत अमेरिकेतला इन्शुरन्स थर्ड पार्टीसाठी चालत नाही, तिकडचा वेगळा घ्यावाच लागतो आणि तुम्ही तो घेतलाच असेल, आणि अशा बहुतेक पॉलिसींत मालकाच्या परवानगीने लायसन असलेला दुसरा ड्रायव्हर चालतो. नसेल तर कंपनीला मेल टाकून नाव वाढवून घे. गाडीची भीती वाटत असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यावर शेवटी बोलते.

आता त्याच्याबद्दल. "घाबरट" हा शब्द त्याने वापरायला नको होता आणि तू त्याला तसं तोंडावर सांग, शब्द गिळून ठेवू नकोस. पण तारखा बघ. ऑगस्टमध्ये नोकरी गेली, ऑक्टोबरमध्ये गाडी आली, जानेवारीत निघालात. मधल्या काळात नोकरीबद्दल तो काय बोलला यावर तुझ्या पत्रात एक ओळ नाही, म्हणजे तो बोललाच नसावा. आता तू "परत जाऊया" म्हणतेस तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? लॅपटॉप, रेझ्युमे, चोपन्नाव्या वर्षी तिशीतल्या पोरांसमोर इंटरव्ह्यू, आणि शेजाऱ्यांचं "मग सध्या काय?" त्याच्या दृष्टीने पुढचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे तो सोमवार एक दिवस लांब. मी त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही, पण दोघांना घर म्हटलं की वेगवेगळं दिसतंय, तुला स्वतःचं स्वयंपाकघर आणि बंद होणारा दरवाजा, त्याला रिकामं टेबल. हे बोलल्याशिवाय फेरीबद्दल कितीही बोला, उपयोग नाही.

आणि ते "स्वप्न मोडलं"चं ओझं. कुठलं स्वप्न गं? निघताना तर "बघू जमेल तितकं" होतं. पुएर्तो एस्कोन्दिदो हे नाव तुमच्या घरात दहा दिवसांपूर्वी आलं, शेजारच्या व्हॅनवाल्याबरोबर बिअर पिताना. दहा दिवसांचं स्वप्न मोडलं तर जन्मभराचं पाप लागत नाही. तुम्ही बाहा पूर्ण उतरून आलायत, ज्या रस्त्यावर मधल्या वाळवंटात तीनशे किलोमीटरच्या आसपास पेट्रोल पंप मिळत नाही, रस्त्याला कड नाही, समोरून येणाऱ्या ट्रकचा आरसा आपल्या आरशाला चाटून जातो. याला कुणी अर्ध्यावर सोडलं म्हणत असेल तर म्हणू दे.

भीतीचं म्हणशील तर ती हवेतली नाही आणि सगळीकडे सारखीही नाही. तुम्ही आत्ता आहात ते बाहा कॅलिफोर्निया सूर त्या मानाने शांत. माझातलान ज्या सिनालोआत येतं ते राज्य, आणि किनाऱ्याचा 200 नंबरचा हायवे पुढे ज्या मिचोआकान आणि गेरेरोतून जातो ती राज्यं, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या यादीत काही वर्षं "जाऊ नका" या सगळ्यात वरच्या पातळीवर राहिली आहेत. सिनालोआत सप्टेंबर 2024 पासून टोळ्यांची आपसातली मारामारी वाढली. गेरेरोतल्या अकापुल्कोला 25 ऑक्टोबर 2023 ला ओटिस चक्रीवादळाने झोडपलं, तेही पाचव्या श्रेणीचं. दुसरीकडे मधल्या नायारित आणि हालिस्कोच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातली रिटायर मंडळी व्हॅन लावून आरामात राहतात. त्यामुळे "पुढे जायचं का" असं विचारलंस तर उत्तरच नाही. कुठपर्यंत, कुठून आणि परत कसं, असं विचारावं लागतं. माझातलान ते पुएर्तो एस्कोन्दिदो किनाऱ्याने सतराशे-अठराशे किलोमीटर, टोप मोजायला बसलीस तर रात्र होईल, आणि रात्री तिकडे चालवायचंच नाही, रस्त्यात गुरं बसलेली असतात. शेजाऱ्याने बिअर पिताना यातलं किती सांगितलं कुणास ठाऊक.

मी तुमच्या जागी असते तर आधी थांबले असते. दहा दिवस, तारीख लिहून. त्या दहा दिवसांत पुढे-मागे हा विषय काढायचा नाही असं दोघांनी कबूल करायचं. कॅम्पवाले आठवड्याचं भाडं बहुतेक कमी लावतात, विचारून बघ. रोज सकाळी दोन तास तू गाडीपासून लांब, एकटी, मालेकॉनवर म्हणजे समुद्राकाठच्या त्या लांब फरसबंदी रस्त्यावर चाल, कॉफी घे, काहीही कर. दुपारी तो दोन तास बाहेर, गाडी तुझी, दार लावून झोप. आणि पोळ्या बंद. तिथे टोर्टियेरियात म्हणजे टोर्टियाच्या दुकानात गरम टोर्टिया, तिकडच्या पोळ्याच, किलोवर मिळतात, मक्याच्या, रुमालात गुंडाळून आणायच्या, तो आणेल. शाकाहारी आहेस म्हणून सांगते, गव्हाच्या टोर्टियात आणि घोटलेल्या राजम्यात बरेचदा डुकराची चरबी असते, "सिन मान्तेका" म्हणजे चरबीशिवाय असं विचारायचं. बाजारात अलेग्रिया मिळाली तर घे, उपासाची राजगिऱ्याची चिक्कीच आहे ती, राजगिरा तिकडचाच. मला पहिल्यांदा खाल्ली तेव्हा एकदम घरच्या एकादशीची आठवण आली होती.

दहा दिवस एकाच जागी नको असतील तर काबो पुल्मोला जा, शेवटचा रस्ता कच्चा आहे पण सावकाश जमतो. तिथल्या मच्छीमारांनीच मागे लागून 1995 मध्ये तिथला समुद्र राष्ट्रीय उद्यान करून घेतला आणि मासेमारी बंद केली, नंतर 1999 ते 2009 मध्ये संशोधकांनी मोजलं तर माशांचं एकूण वजन साडेचारशे टक्क्यांच्या वर वाढलेलं. स्नॉर्कल घालून नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी दिसतं.

त्यातल्या एका संध्याकाळी मालेकॉनवर चालताना त्याच्याशी बोल. चालताना, शेजारी शेजारी, गाडीत नाही, कारण तिथे कुजबुजावं लागतं आणि कुजबुजत भांडलेलं भांडण संपत नाही असा माझा अनुभव आहे. "मला परत जायचंय" इथून सुरुवात करू नकोस. त्याला विचार, परत गेल्यावर पहिल्या सोमवारी काय होईल असं वाटतं तुला? आणि मग गप्प बस. गप्प बसणं अवघड जाईल, तरी बस. त्याचं झालं की उजव्या सीटचं सांग, कुकरचं सांग.

मग अकराव्या दिवशी ठरवा. रस्ते दोनच नाहीत. मागे फिरायचं तर घाई न करता फिरा, सान इग्नासिओत देवमासे एप्रिलपर्यंत असतात, आया आणि पिल्लं सगळ्यात शेवटी उत्तरेकडे निघतात आणि तोपर्यंत पिल्लं चांगली बाळसं धरलेली असतात. तुला माहीत असेल, त्या खाडीतले मच्छीमार पूर्वी देवमाशांना टरकून असायचे, होडीच्या तळावर ठोकून त्यांना लांब ठेवायचे. 1972 मध्ये पाचिको मायोराल नावाच्या मच्छीमाराच्या होडीला एक मादी येऊन चिकटली, त्याने शेवटी हात पुढे करून तिला शिवलं आणि तिथून तो सगळा प्रकार सुरू झाला. तुमच्या त्या एका "आम्ही"साठी तरी परत जाताना तिथे चार दिवस ठेवा.

किंवा फेरी घ्या, पण छोटी. माझातलानला उतरून दिवसाउजेडी थेट दक्षिणेला नायारितला, सान ब्लासला डास-चिलटं फार, सायुलिता, पुढे हालिस्कोत बार्रा दे नाविदाद, आणि त्याच फेरीने परत. यात एक कागद लागतो. बाहात गाडीला वेगळं परमिट लागत नाही, पलीकडच्या किनाऱ्यावर लागतं, ते बान्हेर्सितो नावाच्या बँकेकडून पिचिलिंगेच्या फेरी धक्क्यावरच मिळतं. गाडीच्या कागदांवर मोटरहोम लिहिलं असेल तर दहा वर्षांचं मिळतं, साधी व्हॅन असेल तर 180 दिवसांचं आणि डिपॉझिट ठेवावं लागतं. देश सोडताना ते रद्द करून घ्यायला विसरू नका, नाहीतर डिपॉझिट गेलं आणि पुढच्या वेळी गाडी आत घेणार नाहीत.

आणि मला सगळ्यात आवडलेला तिसरा: गाडी ला पाझच्या कॅम्पमध्ये ठेवा, पैसे भरून, आणि पाठीला एकेक बॅग लावून विमानाने मेक्सिको सिटीमार्गे वाहाकाला जा. तिथून पुएर्तो एस्कोन्दिदोला 2024 मध्ये नवा रस्ता झालाय, आधी घाटातून सहा-सात तास आतडी पिळवटून निघायची, आता तीनेक तास. त्याला त्याचं पुएर्तो एस्कोन्दिदो मिळतं, तुला दार लागणारी खोली आणि दुसऱ्याने चालवलेली बस मिळते, आणि मिचोआकान-गेरेरोचा प्रश्नच येत नाही. विमानाचा खर्च आहे, पण दोघांचं फेरीचं तिकीट, गाडीचं तिकीट, दोन हजार किलोमीटरचं पेट्रोल आणि टोल मांडून बघ, फरक वाटतो तेवढा नाही निघणार.

चौथा म्हणजे तू दोन आठवडे घरी जा. एकटी. सान होसे देल काबोवरून विमानं आहेत. हे लिहिलं की लोक मला म्हणतात तुम्ही संसार मोडायला निघालात, पण सहा आठवडे एका खोलीएवढ्या डब्यात काढल्यावर दोन आठवडे लांब राहणं याला मी मोडणं म्हणत नाही. मुलाला भेट, झाडांना पाणी घाल, परत ये. तोपर्यंत त्याला एकट्याने त्या गाडीत जेवण करू दे, भांडी विसळू दे आणि टॉयलेटची टाकी रिकामी करू दे. टाकी आत्ता कोण करतं ते तू लिहिलं नाहीस, मला उत्तर माहीत आहे असं वाटतंय.

काहीही ठरवा, आधी पासपोर्टबरोबर मिळालेल्या टुरिस्ट परमिटवर किती दिवस दिलेत ते बघा. जास्तीत जास्त 180 मिळतात पण अधिकारी देईल तितकेच, सगळ्यांना सरसकट नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण असं काहीतरी मनात असलेली बरीच मराठी जोडपी कॅलिफोर्निया-ॲरिझोनात आहेत हे मला इनबॉक्सवरून कळतं. भारतीय पासपोर्ट असेल तरी अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-वन-बीचा स्टॅम्प संपलेला असताना चार महिन्यांच्या प्रवासाला निघू नका, आधी वकिलाशी बोला. भाड्याच्या कॅम्पर अमेरिकेतून मेक्सिकोत न्यायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत, बुकिंगआधी लेखी विचारा, आम्हाला शोधायला दोन महिने लागले होते. नोव्हेंबर ते एप्रिल जा, पॅसिफिकचा वादळांचा हंगाम 15 मे ते 30 नोव्हेंबर धरतात. हायवेवर गाडी बंद पडली तर 078 ला फोन करायचा, हिरव्या गाड्यांतले आन्हेलेस व्हेर्देस म्हणजे सरकारी मदतपथकवाले येतात, मदत फुकट, सुट्या भागांचे पैसे आपले. आणि निघण्याआधीच कॅलेंडरवर दोन तारखांवर गोल करा, ज्या दिवशी बसून "अजून मजा येतेय का" एवढंच एकमेकांना विचारायचं. ऐन भांडणात विचारलं तर उत्तर खरं येत नाही.

आता तुझ्या गाडीच्या भीतीचं. ला पाझ ते टोडोस सांतोस ऐंशी किलोमीटर, चौपदरी रस्ता, बाहातला चालवायला सगळ्यात सोपा. मधल्या वारी सकाळी नऊला निघ, स्टेअरिंगवर तू, उजवीकडे तो, मोबाईल त्याच्या हातात आणि टोप दिसला की ओरडायचं काम त्याचं. "व्हादो" अशी पाटी दिसली की वेग कमी कर, तिथे ओढ्यासाठी रस्ता खाली दबलेला असतो. पुढच्या ट्रकने डावा सिग्नल दिला तर त्याचा अर्थ "जा पुढे" असाही असतो आणि "मी डावीकडे वळतोय" असाही, त्यामुळे पहिल्या दिवशी ओव्हरटेकच करू नकोस, मागे राहा, कुणी हॉर्न मारला तर मारू दे. वाटेत पेट्रोल भरशील तर तिथे पंपावरचा माणूसच भरतो, त्याला थोडी टिप द्यायची, आणि भरायच्या आधी मीटर शून्यावर आहे का ते बघून घ्यायचं, हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको.